गोवा बोर्डाच्या बारावीनंतर ब्रिटनमधील पदवीसाठी अर्ज: शाळेची शिफारस, अपेक्षित गुण आणि निवेदन

अंत्रूजवासी यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी फोंडा तालुक्यातील एका हायर सेकंडरीत विज्ञान शाखेत बारावीला आहे. बोर्ड गोव्याचे, विषय भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था एकदा आतून पाहून आल्यापासून तिने सागरी जीवशास्त्राचा ध्यास घेतला आहे, आणि २०२७ च्या सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी ब्रिटनमध्ये अर्ज करायचा असे आम्ही घरात सगळ्यांनी बसून ठरवले आहे.

अडचण अशी आहे की तिच्या शाळेतून यापूर्वी कोणीही ब्रिटनला पदवीसाठी गेलेले नाही. प्राचार्य अतिशय सज्जन आहेत, पण शिफारसपत्र कोणत्या नमुन्यात द्यायचे आणि परीक्षा व्हायच्या आधीच अपेक्षित गुण कसे कळवायचे, हे त्यांनाही नवीन आहे. पणजीतील एका सल्लागाराकडे चौकशी केली तेव्हा त्यांनी सांगितले की अर्ज, निवेदन, ईमेल सगळे आमच्याकडे सोपवा, तुम्ही फक्त कागद आणून द्या. ऐकायला ते सोपे वाटले, परंतु मुलीने स्वतःबद्दल लिहायचा मजकूर दुसऱ्याने लिहावा हे माझ्या मनाला पटत नाही.

आणखी दोन शंका आहेत. तिच्या जन्मदाखल्यावर केवळ तिचे नाव आहे, आईवडिलांची नावे वेगळ्या रकान्यांत आहेत. पासपोर्टवर नाव आणि आडनाव आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर मात्र वडिलांचे नावही मध्ये छापलेले आहे. अर्जात यांपैकी कोणते लिहावे? दुसरे म्हणजे, बँकेतील रकमेचा पुरावा अर्जासोबतच जोडावा लागतो असे कोणी सांगते, तर तो नंतर लागतो असे कोणी सांगते. ज्यांनी हे सर्व जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

बार्देशकर यांचे उत्तर

नमस्कार ताई. मी बार्देशातील एका हायर सेकंडरीत रसायनशास्त्र शिकवतो. परदेशी जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांच्या शिफारशी लिहिण्याचे काम माझ्याकडे असते, त्यामुळे शाळेच्या बाजूने काय काय करावे लागते तेवढे मी सविस्तर लिहितो.

ब्रिटनमधील पदवीचे अर्ज प्रत्येक विद्यापीठाकडे वेगळे पाठवायचे नसतात. यूकॅस ही मध्यवर्ती संस्था ते घेते. एका अर्जात जास्तीत जास्त पाच पर्याय देता येतात आणि त्या पाचही ठिकाणी तेच निवेदन आणि तीच शिफारस जाते. आपण आणखी कुठे अर्ज केला आहे हे विद्यापीठाला निर्णय देताना दिसत नाही, त्यामुळे पर्यायांच्या क्रमाची चिंता करू नये. २०२६ च्या प्रवेशासाठी अर्जाचे शुल्क २८.९५ पाउंड होते. ते दरवर्षी थोडेफार बदलते.

शाळा यूकॅसकडे नोंदलेली असेल तर ती विद्यार्थ्याला एक परवलीचा शब्द देते आणि त्यामुळे अर्ज शाळेशी जोडला जातो. आपली शाळा नोंदलेली नसेल तरीही काही अडत नाही. मुलीने स्वतंत्र अर्जदार म्हणून खाते उघडावे आणि शिफारस करणाऱ्या शिक्षकांचे नाव, हुद्दा आणि ईमेल अर्जात द्यावा. यूकॅस त्या ईमेलवर दुवा पाठवते आणि शिक्षक त्या ठिकाणी मजकूर थेट भरतात. हा ईमेल शाळेचा अधिकृत असावा. खासगी पत्ता दिला तर पडताळणीत वेळ जाण्याची शक्यता असते. शिफारस करणारी व्यक्ती नात्यातली किंवा घरच्या ओळखीतली चालत नाही.

प्राचार्यांना ही एक गोष्ट आवर्जून समजावून सांगा, कारण आपल्याकडे शिफारस म्हटली की लेटरहेड, शिक्का, सही आणि बंद पाकीट हेच डोळ्यांसमोर येते. इथे तसा कागद नाहीच. शिफारशीचे तीन भाग आहेत. पहिल्यात शाळेची माहिती द्यायची: शाळा कुठे आहे, कोणते बोर्ड, वर्गात साधारण किती मुले, प्रयोगशाळेची सोय कशी, निकाल साधारणपणे कसा लागतो. गोवा बोर्डाचे नाव ब्रिटनमधील प्रवेश अधिकाऱ्याने क्वचितच ऐकलेले असते, म्हणून हा भाग घाईने उरकू नये. बारावीची परीक्षा बोर्ड घेते, शाळा नव्हे, हे साधे वाक्यही तिथे उपयोगी पडते. दुसरा भाग विद्यार्थ्याच्या अभ्यासावर परिणाम झालेल्या विशेष परिस्थितीसाठी आहे आणि तशी काही नसेल तर तो रिकामा ठेवता येतो. तिसऱ्या भागात त्या विद्यार्थ्याविषयी, त्याने निवडलेल्या विषयाच्या संदर्भात, शिक्षकाला जे सांगावेसे वाटते ते लिहायचे.

या तिसऱ्या भागातच आपल्या शिफारशी कमी पडतात. ‘विद्यार्थिनी प्रामाणिक, आज्ञाधारक आणि वक्तशीर असून तिची वर्तणूक चांगली आहे’ हे वाक्य शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शोभते, इथे त्यातून काहीच कळत नाही. अनुमापनाच्या प्रयोगात तीन वाचने जुळली नाहीत तेव्हा तिने ती जुळवून न लिहिता पुन्हा प्रयोग केला, किंवा क्षारतेवरील प्रकल्पासाठी नमुने घेताना भरतीची वेळ स्वतःहून टिपून ठेवली, असे शिक्षकाने प्रत्यक्ष पाहिलेले काही लिहिले तर वाचणाऱ्यापुढे ती मुलगी उभी राहते. म्हणून शिफारस शक्यतो जीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांनी लिहावी आणि प्राचार्यांनी ती नजरेखालून घालावी. मुलीने त्या शिक्षकांना आपण कोणते अभ्यासक्रम निवडत आहोत आणि का, हे एका पानावर लिहून द्यावे. त्यात गैर काही नाही. ब्रिटनमधल्या शाळांतही शिक्षक मुलांकडून असे टिपण मागून घेतात.

अपेक्षित गुण हेही शिफारस करणाऱ्यानेच भरायचे असतात. आपल्याकडे श्रेणीऐवजी टक्केवारी असते, म्हणून विषयवार टक्के आणि एकूण टक्के द्यावेत. ते ठरवताना अकरावीचे गुण, बारावीच्या सत्र परीक्षांचे गुण आणि आपल्या शाळेतील मुलांचे शाळेतले गुण बोर्डाच्या निकालाशी आजवर कसे जुळत आले आहेत, या तिन्हींचा विचार करावा. पालकांच्या आग्रहाखातर हे आकडे फुगवले जातात ते मला मनापासून खटकते. विद्यापीठ ऑफर देते ती अट घालून, आणि ती अट बोर्डाच्या निकालावर तपासली जाते. त्यामुळे फुगवलेल्या आकड्याच्या बळावर मिळालेली ऑफर निकालाच्या दिवशी हातची जाते आणि मुलाच्या मनाला त्याचा त्रास फार होतो. उलट भीतीपोटी फारच कमी आकडा दिला तर अर्ज पहिल्याच चाळणीत मागे पडतो. शिक्षकाला प्रामाणिकपणे जे शक्य वाटते ते, आणि त्यातल्या त्यात आशेच्या बाजूचे, लिहावे.

आता नावाविषयी. अर्जात नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच, अक्षरन् अक्षर जुळवून, लिहावे, कारण पुढे विद्यापीठाचे पत्र आणि व्हिसा त्याच नावाने निघतात. गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव मध्ये आहे एवढ्याने सहसा अडत नाही. विद्यापीठाने विचारल्यास जन्मदाखला आणि पासपोर्ट एकत्र दाखवता येतात. मात्र आडनावाचे स्पेलिंगच दोन ठिकाणी दोन प्रकारे असेल, जे आपल्याकडे नाईक, गावकर, देसाई अशा आडनावांत सर्रास आढळते, तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्यावे.

शिक्षणाच्या रकान्यात दहावी आणि बारावी दोन्ही लिहायच्या. बारावीचा निकाल यायचा आहे अशी नोंद करून सगळे विषय द्यायचे. दहावीचे गुण गुणपत्रिकेवर आहेत तसेच द्यावेत. त्यांचे ब्रिटिश श्रेणीत रूपांतर करण्याचा प्रयत्न करू नये.

तारखांपैकी दोन लक्षात ठेवा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक वैद्यकीय, दंतवैद्यकीय व पशुवैद्यकीय अभ्यासक्रमांची मुदत १५ ऑक्टोबरला संपते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्हींकडे एकाच वर्षी अर्ज करता येत नाही. बाकी बहुतेक अभ्यासक्रमांची मुदत जानेवारीच्या मध्यावर असते. २०२६ च्या प्रवेशासाठी ती १४ जानेवारी होती. वेळ ब्रिटनची संध्याकाळी सहाची, म्हणजे जानेवारीत आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. शिफारस जोडली गेल्याशिवाय अर्ज पुढे जातच नाही, आणि चतुर्थीची सुट्टी, सत्र परीक्षा, दिवाळी, नाताळ असे एकामागून एक येत असल्यामुळे शिक्षकांना ऑगस्टमध्येच विचारावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सागरकन्या तिसवाडी यांचे उत्तर

काकू, नमस्कार. मी मूळची तिसवाडीची. सध्या ब्रिटनमध्ये समुद्रविज्ञानाच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरांनी शाळेची बाजू इतकी नीट मांडली आहे की मी फक्त अभ्यासक्रमांची निवड आणि निवेदन याविषयी लिहिते.

सागरी जीवशास्त्रासाठी साउदॅम्प्टन, प्लिमथ, वेल्समधले बँगोर आणि स्कॉटलंडमधले सेंट अँड्र्यूज ही नावे तिने पाहिलीच असतील. साउदॅम्प्टनचा विभाग बंदरावरच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान केंद्रात आहे, आणि बँगोरचा समुद्रविज्ञान विभाग मेनाई सामुद्रधुनीच्या काठी असून विद्यापीठाच्या कामासाठी संशोधन जहाज आहे. माहितीपुस्तिकेतल्या छायाचित्रांपेक्षा तिने प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पानावर जाऊन कोणत्या वर्षी कोणते विषय आहेत आणि प्रत्यक्ष समुद्रावरचे काम किती आहे ते वाचावे, कारण नाव एकच असले तरी एके ठिकाणी मत्स्यजीवनावर भर असतो, तर दुसरीकडे रसायन आणि गणित पुष्कळ असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये पदवी साधारणपणे तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये चार वर्षांची. एक वर्ष वाढले की शुल्क आणि राहण्याचा खर्चही त्या प्रमाणात वाढतो, याचा हिशेब घरात आधीच मांडावा.

पाचही पर्याय एकाच उंचीचे निवडू नयेत. प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भारतासाठी वेगळे पान असते आणि त्यावर बारावीची अपेक्षित टक्केवारी दिलेली असते. तिथे बारकाईने पाहावे, कारण अनेक ठिकाणी केंद्रीय बोर्डांसाठी एक टक्केवारी आणि राज्य बोर्डांसाठी दुसरी, सहसा जास्त, टक्केवारी असते. गोवा बोर्डाचा उल्लेखच नसेल तर प्रवेश कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावे आणि ते जपून ठेवावे. इंग्रजीबाबतही असेच आहे: काही विद्यापीठे बारावीतील इंग्रजीचे गुण पुरेसे मानतात, काहींना आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा लागतेच. पदवीसाठी बहुतेक ठिकाणी साधी अकॅडमिक आयईएलटीएस चालते. पदवीपूर्व फाउंडेशन वर्षासाठी मात्र ब्रिटिश व्हिसा विभागाने मान्य केलेलीच परीक्षा द्यावी लागते. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षे ग्राह्य असतो.

आता निवेदन. काकू, इथे तुमच्या मनाला जे पटले नाही ते अगदी योग्यच आहे. २०२६ च्या प्रवेशापासून निवेदनाचे स्वरूप बदलले आहे. पूर्वी एक सलग निबंध असे, आता तीन प्रश्न असतात: हा विषय का शिकायचा आहे, आतापर्यंतच्या शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केले व ते का उपयोगी आहे. तिन्ही उत्तरे मिळून ४००० अक्षरांची मर्यादा आहे, मोकळ्या जागा धरून, आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचे हवे. इंटरनेटवर फिरणारे बहुतेक नमुने जुन्या पद्धतीचे आहेत, ते समोर ठेवून लिहायला बसू नये.

कोणत्याही अर्जात सापडेल असे वाक्य म्हणजे, ‘गोव्यासारख्या निसर्गरम्य प्रदेशात वाढल्यामुळे मला लहानपणापासून समुद्राची ओढ आहे.’ हे खरे असेलही, पण समुद्राकाठी वाढलेली मुले जगभर आहेत. माझ्या अर्जात मी आमच्या गावच्या खाजनाविषयी, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीविषयी, लिहिले होते. खाजनाच्या बांधाला असलेल्या मानशीची, म्हणजे पाणी आतबाहेर सोडणाऱ्या मोरीची, लाकडी दारे भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात, हे मी लहानपणापासून पाहत आले होते; बारावीत क्षारता शिकल्यावर मी मानशीच्या आतले आणि बाहेरचे पाणी शाळेच्या प्रयोगशाळेत तपासले, आणि पावसाळ्यात व उन्हाळ्यात त्यांतला फरक का बदलतो याचा विचार करताना खाडीतल्या कोळंबीच्या पिल्लांविषयी वाचत गेले. मजकूर अर्थातच इंग्रजीत होता. आधी पाहिलेले, मग तपासलेले, मग त्यातून पडलेला प्रश्न आणि त्यासाठी वाचलेले, असा त्याचा क्रम होता. प्रवेश अधिकाऱ्याला खाजन माहीत नसले तरी विचार करण्याची ही रीत तो ओळखतो.

तुमच्या मुलीकडे तिचे स्वतःचे काहीतरी नक्की असेल. चोडणच्या खारफुटीत, मोरजी किंवा गालजीबागच्या कासवांच्या किनाऱ्यावर, मडगावच्या घाऊक मासळी बाजारात, जिथे तिने डोळे उघडे ठेवून काही पाहिले असेल तिथून सुरुवात करावी. पाहिलेले नसेल तर अर्जाला अजून अवधी आहे, जाऊन पाहावे. दुसऱ्या उत्तरात विषयांची यादी पुन्हा देऊ नये, ती अर्जात दुसरीकडे असतेच. एखाद्या धड्याने किंवा प्रयोगाने काय उलगडले ते सांगावे. तिसऱ्या उत्तरात भजन स्पर्धेतले पारितोषिक किंवा एनसीसी लिहायला हरकत नाही, पण अभ्यासक्रमाशी त्याचा संबंध दाखवता येत नसेल तर त्याला एका ओळीपेक्षा जास्त जागा देऊ नये.

सल्लागाराविषयी एवढेच सांगते की अशा संस्थांना विद्यापीठांकडून विद्यार्थ्यामागे कमिशन मिळते, त्यामुळे ज्यांच्याशी करार आहे त्या विद्यापीठांकडे त्यांचा कल राहणे स्वाभाविक असते. माहिती अवश्य घ्यावी. मात्र खाते मुलीच्याच ईमेलने उघडावे आणि पासवर्ड तिच्याकडेच असावा, कारण विद्यापीठाचा प्रत्येक प्रश्न आणि ऑफरला उत्तर देण्याची मुदत त्याच खात्यात येते. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचे खाते सल्लागाराच्या ईमेलवर होते आणि मुलाखतीचे बोलावणे त्याला तारीख उलटून गेल्यावर कळले. शिवाय प्रत्येक निवेदन यूकॅसच्या तपासणीत आधीच्या मजकुरांशी ताडून पाहिले जाते, साम्य आढळले तर विद्यापीठांना कळवले जाते, आणि मजकूर स्वतःचा आहे असे अर्जदाराला जाहीर करावे लागते. दुसऱ्याने लिहिलेला किंवा संगणकाकडून लिहून घेतलेला मजकूर पाठवण्यात मोठाच धोका आहे.

सासष्टीकर यांची शंका

याच संदर्भात एक विचारतो. आमच्या सासष्टीत अनेकांकडे पोर्तुगालचे नागरिकत्व आहे. माझ्या भाच्याचा जन्म इथला, शिक्षण इथले, पण त्याच्या वडिलांच्या बाजूने त्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे. युरोपीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये स्थानिक विद्यार्थ्यांइतकेच शुल्क लागते असे तो धरून चालला आहे. हे खरे आहे का, आणि अर्जात त्याने काय लिहावे?

झुवारीपार यांचे उत्तर

सासष्टीकर साहेब, ते दिवस गेले. मी कित्येक वर्षे इंग्लंडमध्ये स्विंडनला राहतो आणि आपल्या लोकांतला हा गैरसमज मला वारंवार दूर करावा लागतो. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर, २०२१ च्या ऑगस्टपासून सुरू झालेल्या अभ्यासक्रमांना केवळ युरोपीय पासपोर्टच्या आधारे स्थानिक शुल्क मिळत नाही. २०२० संपण्याआधी ब्रिटनमध्ये राहायला आलेल्या आणि ‘ईयू सेटलमेंट स्कीम’ या तिथे राहू देणाऱ्या योजनेखाली दर्जा मिळालेल्या लोकांचा व त्यांच्या काही कुटुंबीयांचा विचार वेगळा होतो, तोही वास्तव्याच्या अटींसह. आपला भाचा गोव्यातच वाढला असेल तर त्याला आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याचे शुल्क आणि विद्यार्थी व्हिसा दोन्ही लागतील असे धरून तयारी करावी. अर्जात नागरिकत्व पासपोर्टप्रमाणे आणि गेल्या काही वर्षांचे वास्तव्य जसे आहे तसे लिहावे. शुल्काचा दर्जा विद्यापीठ ठरवते आणि शंका असल्यास वेगळी प्रश्नावली पाठवते.

अंत्रूजवासी ताईंच्या पैशांच्या शंकेचेही इथेच उत्तर देतो. यूकॅसच्या अर्जाला बँकेचा कोणताही कागद जोडावा लागत नाही, शिक्षणाचा खर्च कोण करणार एवढेच विचारतात. पुरावा लागतो तो व्हिसाच्या वेळी. ऑफरची अट पूर्ण झाली, अनामत भरली आणि विद्यापीठाने प्रवेशनिश्चितीचा क्रमांक दिला की मग व्हिसाचा अर्ज होतो. तेव्हा पहिल्या वर्षाचे उरलेले शुल्क आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च सलग २८ दिवस खात्यात दिसावा लागतो. २०२५ च्या नोव्हेंबरपासून हा खर्च लंडनमध्ये महिना १५२९ पाउंड आणि लंडनबाहेर ११७१ पाउंड धरतात, म्हणजे लंडनबाहेर नऊ महिन्यांचे १०,५३९ पाउंड. रक्कम आईवडिलांच्या खात्यात चालते, सोबत जन्मदाखला आणि त्यांचे संमतीपत्र द्यावे लागते. आपल्याकडे पुष्कळांचे पैसे मुदत ठेवीत किंवा पतसंस्थेत असतात. ते वेळेवर मोकळे करून अशा बँकेत आणावेत जिची कागदपत्रे व्हिसा विभाग मान्य करतो. याशिवाय आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पाउंड असून व्हिसा जितक्या मुदतीचा तितक्या मुदतीचा तो एकदम भरावा लागतो. अनेक घरांचे अंदाजपत्रक या रकमेवर येऊन अडते, म्हणून ती पहिल्याच दिवशी हिशेबात धरा. कर्जाचा विचार असेल तर गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजनेच्या सध्याच्या अटी पर्वरीला जाऊन प्रत्यक्ष विचाराव्यात.

अंत्रूजवासी

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, देव बरें करूं. सरांचे उत्तर छापून मी प्राचार्यांना दाखवले आणि जीवशास्त्राच्या मॅडमनी शिफारस लिहायचे मान्य केले आहे. मुलगी आडपईच्या खाजनातल्या मासळीविषयी आजोबांना विचारून वहीत टिपून ठेवते आहे. सल्लागाराला आम्ही नम्रपणे नाही कळवले.

एक गोष्ट मात्र विचारायची राहून गेली. अकरावीत तिला डेंग्यू झाला होता, ती बरेच दिवस रुग्णालयात होती आणि त्या सत्राचे तिचे गुण एकदम घसरले. नंतर तिने ते भरून काढले. हे निवेदनात लिहावे, की लिहूच नये? आजारपणाचे भांडवल केल्यासारखे दिसेल अशी तिला भीती वाटते.

बार्देशकर

ताई, हे अवश्य सांगावे, पण निवेदनात नव्हे. शिफारशीचा दुसरा भाग नेमका याचसाठी आहे आणि तिथे ते शिक्षकांच्या शब्दांत येते, त्यामुळे मुलीने सबब सांगितल्यासारखे दिसण्याचा प्रश्नच उरत नाही. मॅडमनी कोणत्या महिन्यात आजारपण आले, किती काळ ती शाळेत येऊ शकली नाही, कोणत्या परीक्षेवर परिणाम झाला आणि त्यानंतरच्या परीक्षेत तिचे गुण किती झाले, एवढेच चार वाक्यांत लिहावे. प्रकृतीची माहिती खासगी असल्यामुळे आधी मुलीची संमती घ्यावी. रुग्णालयातून घरी सोडतानाचा कागद अर्जाला जोडायचा नसतो, तरी विद्यापीठाने मागितल्यास देता यावा म्हणून तो आणि त्या काळातील शाळेच्या हजेरीचा उतारा एकत्र ठेवावा. अपेक्षित गुण ठरवताना मॅडमनी ते एक सत्र बाजूला ठेवून बाकीच्या परीक्षांवर अंदाज बांधला तर ते न्याय्यच होईल, आणि तसे केले आहे हे त्यांनी त्याच भागात एका वाक्यात नमूद करावे.